गाळलेल्या जागा

फोन पसंत करायला विरूपाक्ष मुखऱ्यांना तीन आठवडे लागले. "मला बघायला आले तवा पोहे संपायच्या आत होकार दिला हुता," असं त्यांची बायको मालन शेजारणींना सांगायची.

पण बायकोला कानाच्या मशीनशी जुळवून घ्यायचं नव्हतं, फोनला घ्यायचं होतं.

विरूपाक्षांचे, म्हणजे अण्णांचे, कान मागांनी खाल्ले होते. इचलकरंजीत छत्तीस वर्षं ते यंत्रमागांवर जॉबर होते. माग बिघडला की जॉबरनं त्याच्या पोटात डोकं घालायचं, आणि तेवढा वेळ शेडमधले बाकीचे तेवीस माग खडखडत राहायचे. कानात कापूस घालणाऱ्याला तिथं लोक हसायचे. अण्णाही हसायचे. साठीनंतर हसायची पाळी लोकांवर आली. दुकानात साखर मागितली की अण्णा साबण घेऊन यायचे.

"कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते," रेश्मा बागवान त्यांना म्हणाल्या होत्या. त्या कानांची तपासणी करून मशीन बसवून द्यायच्या. गावातले निम्मे म्हातारे जॉबर त्यांच्याकडेच यायचे. "त्या नळीत केसांसारख्या पेशींच्या रांगा असतात. आवाज आला की त्या डोलतात आणि मेंदूला निरोप देतात. बारीक, टोकदार आवाजांच्या रांगा दारात असतात, जाड आवाजांच्या आत. गोंगाट दारातल्यांना आधी मारतो. मेलेली पेशी परत उगवत नाही. म्हणून तुम्हाला आ, ओ, ऊ ऐकू येतात, पण स, श, त, क, फ निसटतात."

"म्हंजे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत न्हाई."

"बरोबर."

"लोक वरडत्यात हो. वरडू नका, नीट बोला म्हणतो मी."

मशीन बसल्यावर समोरासमोरचं बरंचसं निभावलं, कारण ओठ दिसायचे. फोनवर ओठ कुठले? शिवाय अण्णांचा जुना फोन मशीनजवळ नेला की फोनच्या लहरी मशीनमध्ये घुसायच्या आणि कानात भुंगा शिरल्यासारखं व्हायचं. त्या भुंग्यात अण्णांची थोरली बहीण हरवली होती.

सुमित्राआक्का गडहिंग्लजला राहायची. प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगा गिरीश पुण्याला. आई गेली तेव्हा अण्णा सहा वर्षांचे होते आणि आक्का चौदाची. न्हाऊमाखू घालण्यापासून पाटीवर श्री गिरवून घेण्यापर्यंत सगळं तिनं केलेलं. आता तिच्याकडे बटणांचा फोन होता आणि व्हिडिओचा तिला तिटकारा. "बोलायला तोंड कशाला दाखवायचं?" म्हणायची. ती फोन करायची, तेच तेच तीनदा सांगायची आणि थकून म्हणायची, "काही नाही रे, असंच." एवढं एक वाक्य अण्णांना दर वेळी स्पष्ट ऐकू यायचं. रोजचा फोन आठवड्यावर गेला, आठवड्याचा सणावर.

तेव्हा फोन बदलायचं ठरलं. बागवानबाईंनी बजावलं होतं, "माहितीपत्रक वाचून फोन घेऊ नका. मशीन कानात घालून दुकानात जा आणि तिथूनच आक्कांना लावून बघा. भुंगा येतो का, आवाज दोन्ही कानांत थेट येतो का, बघा." शेवटी एका शनिवारी त्या स्वतःच सोबत आल्या.

दोन फोन उरले होते. पहिल्याचा आवाज स्वच्छ होता, भुंगा अजिबात नाही, पण आक्काच्या सात शब्दांतले चार कळले. दुसरा फोन निनाद कंपनीचा. त्यात 'पूर्णवाणी' नावाची सोय होती. दुकानदारानं ती चालू केली. मिनिटभर आक्का नेहमीसारखी पुसट येत होती, आणि मग एकदम बाजूच्या खुर्चीवर येऊन बसल्यासारखी म्हणाली, "विरू, अरे ऐकतोयस का? की ठेवू?"

अण्णांनी फोन दुकानदाराच्या हातात दिला आणि रुमाल शोधायला लागले.

बागवानबाई मात्र खूश दिसल्या नाहीत. त्यांनी अण्णांना बाहेर बाकावर बसवलं.

"अण्णा, हा फोन आवाज वाढवत नाही. तो ऐकतो, शब्द ओळखतो, आणि आक्कांच्याच आवाजात ते शब्द नव्यानं बोलून तुमच्या कानात घालतो. तुमचे कान जिथं अजून शाबूत आहेत, तिथं बरोबर नेऊन बसवतो. इथपर्यंत चांगलंच आहे. पण जो शब्द त्याला ओळखता येत नाही, तिथं तो मागचंपुढचं बघून अंदाज करतो. शाळेत आपण गाळलेल्या जागा भरायचो ना, तसं."

"आपला मेंदूबी तेच करतो म्हणालात की तुमी."

"करतो. पण मेंदूला शंका येते. आपण थांबतो, 'काय म्हणालास?' विचारतो. यानं शंकेला जागाच ठेवलेली नाही. खरा शब्द आणि भरलेला शब्द, दोन्ही सारखेच गोड. तुम्ही पहिला घ्या. महिनाभर सराव केलात तर सातातले पाच-सहा कळतील. उरलेले विचारायचे."

"मॅडम, दहा वर्षं इचारतोय." अण्णा जमिनीकडं बघत म्हणाले. "आता इचारायची लाज वाटती."

बागवानबाई उठून दुकानात परत गेल्या. निनाद घेतला गेला. पूर्णवाणीला एक ते पाच अशी पट्टी होती. बाईंनी ती दोनवर ठेवली. दोनवर फोन नुसता आवाज साफ करायचा. अनोळखी शब्द आला तर तो रिकामा सोडून बारीकशी टिक वाजवायचा. "टिक आली की विचारायचं," बाई म्हणाल्या, "आणि पट्टी हलवायची नाही."

आठवडाभर अण्णांनी टिकटिक सोसली. मग एका सकाळी अंगठ्यानं पट्टी पाचवर सरकवली. टिक गेली. विचारायचं काही उरलं नाही.

पुढचे आठ महिने म्हणजे अण्णांचं सुखच होतं. सकाळी साडेसातला आक्काचा फोन ठरलेला. अण्णा चहाची कपबशी घेऊन ओट्यावर बसायचे आणि मोकळ्या हवेत हातवारे करत बोलायचे. आवाज थेट कानातल्या मशीनमध्ये यायचा, त्यामुळे रस्त्यानं जाणाऱ्याला म्हातारा एकटाच हसतोय असं दिसायचं. वडिलांच्या सायकलला मागं कॅरेज होतं की नव्हतं, यावर बहीणभावंडं चार दिवस भांडली. पाचव्या दिवशी आक्कानं सांगितलं, "होतं. मी त्यावर बसून परीक्षेला गेले होते." आणि अण्णांनी हार मानली.

एकदा मशीन चार्जिंगला लावलेली असताना मालननं फोन स्पीकरवर घेतला. स्पीकरवर मूळ आवाजच यायचा. नंतर ती म्हणाली, "आक्का दमल्यागत वाटत्यात वो. मधीच थांबत्यात, धापबी लागती."

"तुझे कान तपासून घे आता," अण्णा हसून म्हणाले. त्यांच्या कानात आक्का कधी खोकली नव्हती, कधी अडखळली नव्हती. पाचवर असताना असलं सगळं गाळूनच पुढं यायचं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी आक्काचा फोन नेहमीपेक्षा जरा उशिरा आला.

"विरू, वीज गेलीय रे सकाळपासून," ती म्हणाली.

"येईल की तासाभरात. त्यात काय एवढं?"

मग म्हणाली, "माझं बोलणं कळतंय ना तुला?"

"आरशागत स्वच्छ! जरासुद्धा फरक न्हाई."

"मग ठीक आहे."

तिनं लवकर फोन ठेवला. अण्णांनी बशीतला चहा संपवला.

रविवारी दुपारी गिरीशचा फोन आला. आक्का मोरीत पडलेली शेजाऱ्यांना सापडली होती. पक्षाघाताचा झटका. गडहिंग्लजहून तिला कोल्हापूरला हलवलं, पण ती कधी पडली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. ती वेळ उलटून गेली होती.

अण्णा-मालन पोचले तेव्हा आक्का वाचणार हे कळलं होतं. उजवी बाजू गेली होती, तोंड एका अंगाला ओढलं होतं. शुद्ध मात्र पूर्ण होती. समोर कोण आहे, काय चाललंय, सगळं तिला समजत होतं. बोलायला जायची तेव्हा ओठांना आणि जिभेला ते पेलायचं नाही आणि नुसता ओला, सैल आवाज निघायचा.

चौथ्या दिवशी आक्का अण्णांकडे बघून काहीतरी सांगायला लागली. अण्णांना एक अक्षर कळेना. त्यांनी निनाद तिच्या उशीशी ठेवला; समोरचं बोलणंही तो टिपून कानातल्या मशीनमध्ये पाठवायचा. मग त्यांच्या कानात आक्काचा जुना, ठणठणीत आवाज आला.

"विरू, चहा घेतलास का?"

अण्णांना इतका आनंद झाला की ते "घेतला, आक्का, घेतला!" असं ओरडलेच. पण समोर आक्काचे ओठ अजून हलत होते. ते वाकडे, ओढलेले ओठ चहाचा 'च' म्हणत नव्हते. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. आणि कानातली आक्का मजेत विचारत होती, "आणि मालनचे गुडघे कसे आहेत?"

गिरीश पुढं झाला. "मामा, आई पाणी मागतेय. घसा कोरडा पडलाय तिचा."

अण्णांनी उशीजवळचा फोन उचलला आणि बंद केला. रोज सकाळी आक्का जे विचारायची, तेच तो ऐकवत होता. ओळखता आलं नाही की सवयीचं वाक्य काढून पुढं करत होता.

दुसऱ्या दिवशी ते इचलकरंजीला परतून सरळ बागवानबाईंकडे गेले. त्यांनी आधी पट्टी पाहिली. पाच. फोन स्वतःला शिकवण्यासाठी मूळ आवाज पंधरा दिवस जपून ठेवतो, हे त्यांना ठाऊक होतं. अण्णांनी सांगितलं, गुरुवारचा लावा.

बाईंनी आधी स्वतः ऐकलं. दोनदा ऐकलं. अण्णा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चेहरे वाचायची त्यांना सवय होती.

"काय म्हणती?"

"अण्णा, आवाज जड येतोय. ओढल्यासारखा. सगळे शब्द एकमेकांत सांडलेत."

"पण म्हणती काय?"

बागवानबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ओठ दिसतील असं सावकाश बोलल्या. "'विरू, जीभ जड झालीय रे सकाळपासून.'"

अण्णांनी टेबलावरचा हेडफोन आपल्याकडे ओढला.

"फोनला 'जीभ जड' ओळखता आलं नाही," बाई म्हणाल्या. "त्याला ते 'वीज गेलीय' वाटलं. गडहिंग्लजला सकाळी वीज जातेच, आक्का अधूनमधून ते बोलायच्याही. आणि 'माझं बोलणं कळतंय ना तुला' हे..."

"हे तिनं खरंच इचारलं."

"हो. हे खरंच विचारलं."

जीभ जड झालीय, असं ती म्हणाली. येईल की तासाभरात, असं ते म्हणाले. बोलणं कळतंय ना, असं तिनं परत विचारलं. बाईंकडं अजून दहा-बारा दिवसांचे फोन होते, पण अण्णांना ते ऐकायचे नव्हते. त्याआधीचे आठ महिने तर पुसलेच गेले होते. त्या आठ महिन्यांत आक्का काय काय म्हणाली आणि आपण हसून काय उत्तरं दिली, ते आता जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"ही कंपनीची चूक आहे," बाई म्हणाल्या. "मी लिहून देते. तक्रार करू."

"तुमी दोनवर ठेवलं हुतं," अण्णा म्हणाले.

ते इस्पितळात परत गेले त्या संध्याकाळी डॉक्टर आक्काला तपासत होते. "मोठ्या झटक्याआधी पुष्कळदा छोटा येऊन जातो," ते गिरीशला समजावत होते. "गुठळी क्षणभर अडकते आणि आपोआप सुटते. जीभ जड होते, हात सुन्न होतो, तासाभरात माणूस होता तसा. लोकांना वाटतं, गेलं ते. खरं तर तीच धोक्याची घंटा. तेव्हा आला असता तर औषध सुरू केलं असतं. बऱ्याच वेळा पुढचं टळतं." मग ते आक्काकडे वळले. "आई, आधी असं काही झालं होतं?"

आक्कानं मान हलवली. हो. डाव्या हाताची तीन बोटं वर केली. तीन दिवस आधी.

"कुणाला सांगितलं होतंत?"

आक्कानं पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे बघून मान नकारार्थी हलवली. नाही. कुणालाच नाही.

अण्णांनी तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द घशाशी आलेही होते. पण फोनचं नाव पुढं केलं तर ती पळवाट दिसेल, आणि नाव न घेता सांगावं तर बहिणीनं जीभ जड झाली म्हटल्यावर भावानं 'त्यात काय एवढं' म्हटलं, असं होईल. दोन्हींतलं काहीच त्यांच्यानं उच्चारवेना. डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेले आणि ती वेळ निघून गेली.

सहा आठवडे ती निघून गेलेलीच राहिली. आक्का घरी आली. गिरीश तात्पुरता गडहिंग्लजला राहून तिथूनच पुण्याचं काम करायला लागला. अण्णांनी निनाद कपाटात टाकला आणि बागवानबाईंनी सांगितलेला पहिला फोन घेतला. पण त्याचा आता उपयोग काय? फोनवर आक्काचं बोलणं धडधाकट कानाच्या माणसालाही कळलं नसतं. म्हणून दर मंगळवारी ते एसटीनं गडहिंग्लजला जायचे, तासदोन तास तिच्यासमोर बसायचे आणि एकही खरं वाक्य न बोलता परत यायचे.

असाच एक मंगळवार. दुपारचे चार वाजले होते. गिरीश आईकडून जिभेचे व्यायाम करून घेत होता. प, फ, ब, भ. आक्काचं लक्ष नव्हतं. गिरीश सहा आठवड्यांचा दमलेला होता. तो एकदम भडकला.

"आई, तुला आता कंटाळा करून चालणार आहे का? त्या गुरुवारीही असंच केलंस. शिकलेली बाई तू, मुलांना शिकवलंस आयुष्यभर. जीभ जड झाली आणि कुणाला एक शब्द बोलली नाहीस! शेजारी होते, मी होतो. एक फोन करता येत नव्हता तुला?"

आक्का मान खाली घालून बसली होती. शाळेत बोलणी खाल्लेलं मूल बसेल तशी.

"तिनं केला हुता," अण्णा म्हणाले.

गिरीशनं वळून बघितलं.

"मला केला हुता. जीभ जड झालीय म्हणाली. मला ऐकू आलं, वीज गेलीय." आणि मग अण्णांनी सगळं सांगितलं. पूर्णवाणी, पट्टी, बागवानबाईंनी काय बजावलं, आपण काय केलं. सांगताना आवाज वर-खाली होत होता, त्याचं त्यांना भान नव्हतं.

"म्हणजे कंपनीनं..." गिरीश उठून उभा राहिला. "मामा, ही केस आहे. यांना सोडायचं नाही."

"कंपनीला सोडू नको. पण पट्टी मी सरकवली, गिरीश. मला सगळं नीट ऐकू येतंय असं वाटायला पायजे हुतं. इचारायला नको हुतं. तेवढ्यासाठी सरकवली. आणि इस्पितळात ती माझ्याकडं बघून न्हाई म्हणाली, तवाबी मी गप्प बसलो."

गिरीश खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

आक्का बोलायला लागली. मोठं वाक्य होतं. मध्ये दोनदा थांबली, लाळ पुसली, पुन्हा सुरू झाली. अण्णा तिच्या ओठांकडे बघत होते, पण ते ओठ आता जुन्या ओळखीचे राहिले नव्हते. वाक्य संपलं. अण्णांना फक्त आपलं नाव कळलं.

"काय म्हणाली?" त्यांनी गिरीशला विचारलं.

गिरीश वळला नाही. "राहू द्या, मामा."

"सांग. आता कुणी काय गाळू नका."

गिरीश वळला. त्याचा राग उतरला होता आणि डोळे लाल झाले होते. मामांना ओठ दिसतील अशा बेतानं तो म्हणाला, "आई म्हणतेय, विरू, मला वाटलं, तुला आता माझ्या तक्रारींचा कंटाळा आला. तूच कंटाळलास, तर बाकीच्यांना कशाला सांगायचं, म्हणून मग कुणालाच सांगितलं नाही."

मग अण्णांनी आपली खुर्ची ओढून आक्काच्या गुडघ्यांशी आणली. खिडकीतला उजेड तिच्या तोंडावर पडेल अशी तिची खुर्ची जराशी वळवली.

"आक्का," ते म्हणाले, "तूच सांग. मला कळंस्तवर सांग. मी इचारत राहतो."

आक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. ती रागावली होती की नाही, ते तिच्या ओढलेल्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. तिनं ओठ जुळवले आणि पहिला शब्द उच्चारला.

"काय?" अण्णांनी विचारलं.

तिनं परत उच्चारला.

साडेपाचची इचलकरंजी गाडी स्टँडवरून सुटली, तेव्हा ती दोघं दुसऱ्या वाक्यावर होती.